बोटीची रबरी सीले : आधी कोणते बदलावे?



प्रेशर कुकरची रिंग जुनी झाली की काय होते, हे आपल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. शिट्टी होत नाही, डाळ कच्ची राहते, झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसत राहते. रिंग हातात घेऊन पाहावी तर ती तुटलेली नसते, फाटलेलीही नसते. ती केवळ कडक आणि किंचित चपटी झालेली असते. थंड पाण्यात बुडवून एखादा दिवस निभावून नेता येतो, परंतु अखेर नवी रिंग आणण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणूनच मायदेशाहून परतणाऱ्या अनेकांच्या सामानात दोन-तीन रिंगा हमखास असतात. रबर न फाटताही निकामी होते, हे ज्ञान आपल्याकडे स्वयंपाकघरातून आलेले आहे. आज त्याच ज्ञानाचा उपयोग आम्ही बोटीसाठी करू इच्छितो.

निमित्त असे की, आपल्या मंडळातील काही कुटुंबांनी इंग्लंडच्या कालव्यांवरील जुन्या पोलादी बोटी सामायिक मालकीने घेतल्या आहेत. एप्रिलमधील जयंतीचे कार्यक्रम आटोपले की मुलाबाळांसह कालव्यावर जाण्याचे बेत सुरू होतात, आणि त्यासुमारास आमच्याकडे एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत येतो : खिडकीतून पाणी झिरपते, कोणते सिलिकॉन लावावे? प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर आम्ही पुढे देणारच आहोत. मात्र ते देण्यापूर्वी वाचकांना बोटीच्या दुसऱ्या टोकाला, इंजिनाच्या खोलीत नेणे आम्हांस अधिक निकडीचे वाटते.

इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे २,००० मैलांच्या जलमार्गांची देखभाल २०१२ पासून 'कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट' ही संस्था करते. अठराव्या शतकात या कालव्यांवर बांधलेली अनेक जलद्वारे जेमतेम सात फूट रुंदीची आहेत. त्यामुळे त्यांतून जाणारी बोटही ६ फूट १० इंच रुंदीची, आगगाडीच्या डब्यासारखी लांबट असते. तिला 'नॅरोबोट' म्हणतात. आज वापरात असलेल्या बहुतेक नॅरोबोटींचा सांगाडा पोलादी आहे. पोलाद रंगवून राखले तर अनेक दशके टिकते. त्या पोलादाला जिथे जिथे दार, झाकण किंवा खिडकी आहे, तिथे मात्र पाण्याला रोखून धरणारी वस्तू रबराची असते आणि तिचे आयुष्य पोलादाच्या मानाने फारच अल्प असते. वीस-पंचवीस वर्षांची बोट विकत घेणारे कुटुंब अनेकदा तितकेच जुने रबरही विकत घेत असते.

सीलांची प्रतवारी

कोणते सील आधी बदलावे, हे ठरविण्यासाठी एकच प्रश्न पुरेसा आहे : हे सील निकामी झाले तर आत काय येईल? खिडकीचे सील गेले तर पावसाचे पाणी येते. गादी भिजते, लाकडी अस्तर कुजते, मनस्ताप होतो; पण बोट तरंगत राहते. प्रोपेलरवरच्या झाकणाचे सील गेले तर कालवा आत येतो. गॅसच्या रबरी नळीला तडा गेला तर स्फोटक वायू आत येतो, आणि कोळशाच्या शेगडीच्या दाराची दोरी झिजली तर विषारी वायू येऊ शकतो. गंमत अशी की, यांपैकी सर्वांत कमी धोक्याचा दोष सर्वांत आधी डोळ्यांत भरतो. खिडकीखालचा ओला डाग रोज दिसतो. इंजिनखोलीतील झाकण मात्र वर्षभर कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. म्हणून दुरुस्तीचा क्रम डागांवरून न ठरविता परिणामांवरून ठरवावा.

प्रोपेलरवरचे झाकण

कालव्यात शेवाळ असते, दोरांचे तुकडे असतात, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि टाकून दिलेले कपडेही असतात. हे सारे प्रोपेलरला गुंडाळले जाते. ते काढण्यासाठी बोटीच्या मागील भागात, नेमके प्रोपेलरच्या वर, एक पोलादी चौकोनी विहीर असते. तिला 'वीड हॅच' म्हणतात. तिचे तोंड पाण्याच्या पातळीच्या वर येते आणि त्यावर झाकण बसविलेले असते. झाकणाच्या कडेखाली रबराची पट्टी असते, आणि वरून एक आडवी दांडी स्क्रूने आवळून झाकण घट्ट दाबले जाते.

बोट उभी असताना या विहिरीतील पाणी तोंडाच्या खालीच राहते. त्यामुळे पट्टी पार गेलेली असली तरी एक थेंब आत येत नाही. बोट चालू लागली, विशेषतः जोरात मागे घेतली, की प्रोपेलर पाणी वर ढकलतो आणि ते झाकणाखालच्या फटीतून इंजिनखोलीत शिरते. या वेळी सुकाणूवरचा माणूस त्याच खोलीच्या फळ्यांवर उभा असतो. इंजिनाच्या आवाजात त्याला खालचे पाणी ऐकू येत नाही आणि दिसतही नाही.

किती पाणी येऊ शकते, याचा अंदाज साध्या भौतिकशास्त्राने करता येतो. २५ मिलिमीटर व्यासाचे छिद्र पाण्याच्या पातळीखाली ३० सेंटिमीटरवर असेल, तर त्यातून मिनिटाला सुमारे ४० लिटर पाणी आत येते. म्हणजे तासाभरात जवळपास अडीच टन. इंजिनखोलीतील पाणी उपसणाऱ्या छोट्या विद्युत पंपावर ताशी २,००० लिटर अशी क्षमता छापलेली असते. मिनिटाला हिशेब केला तर ती ३३ लिटर भरते, आणि पाणी वर चढविताना, बॅटरी उतरलेली असताना, प्रत्यक्षात त्याहूनही कमी. पंप चालू आहे म्हणजे आपण सुरक्षित आहोत, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. त्यातच पाण्याच्या वजनाने बोटीचा मागचा भाग खाली जातो, आणि एरवी पाण्याच्या वर असलेली धुराड्याची व निचऱ्याची भोके पाण्याखाली येतात. मग पाण्याला अनेक वाटा मिळतात आणि बोट पाहता पाहता बुडते. झाकण नीट न बसविल्यामुळे किंवा त्याचे सील गेल्यामुळे नॅरोबोटी बुडण्याचे प्रकार इंग्लंडच्या कालव्यांवर सुपरिचित आहेत.

पट्टी तपासणे

रबराची परीक्षा केवळ डोळ्यांनी होत नाही. अंगठ्याचे नख पट्टीत दाबावे. खूण लगेच भरून आली तर रबरात जीव आहे. खूण तशीच राहिली, किंवा नख रुतलेच नाही, तर ते रबर निवृत्त करावे. वर्षानुवर्षे एकाच जागी दाबून राहिलेले रबर आपला मूळ आकार विसरते. पट्टीवर झाकणाच्या कडेची खोल, कायमची चर पडलेली असते. झाकण पूर्वीच्याच जागी तंतोतंत बसले तर ते कदाचित पाणी अडवील. किंचित सरकून बसले तर अडविणार नाही.

दुसरी परीक्षा खडूची. मोठ्या मालवाहू जहाजांवर कोठारांची झाकणे अशीच तपासतात. रबरावर टेकणाऱ्या पोलादी कडेला खडू घासावा, झाकण बसवून नेहमीप्रमाणे आवळावे आणि पुन्हा उघडावे. रबरावर खडूची रेघ चारही बाजूंनी अखंड उमटली पाहिजे. जिथे रेघ तुटली आहे, तिथे रबर टेकतच नाही. तिसरी परीक्षा कागदाची : कागदाची पट्टी कडेत ठेवून झाकण आवळावे आणि ती ओढून पाहावी. ती सहज सुटून आली तर त्या जागी दाब नाही. दोन्ही परीक्षा मिळून दहा मिनिटांच्या आहेत आणि त्यांना खर्च काहीच नाही.

नवी पट्टी बसविणे

काम सुरू करण्यापूर्वी इंजिन बंद करून किल्ली काढावी आणि ती झाकण उघडणाऱ्यानेच स्वतःच्या खिशात ठेवावी. प्रोपेलरजवळ हात असताना दुसऱ्या कोणी इंजिन सुरू करण्याची शक्यता उरता कामा नये. सामायिक बोटीवर माणसे अनेक असतात, म्हणून हा नियम आम्ही पहिल्या क्रमांकाचा मानतो.

जुनी पट्टी सुरीने व खरवडणीने पूर्ण काढावी. तिच्यावरच नवी पट्टी चिकटविण्याचा मोह टाळावा. खालचे मेलेले रबर वरच्या जिवंत रबराला सपाट बसू देत नाही. जुना गोंद आणि गंज तारेच्या ब्रशने घासून काढावा, उघड्या पोलादावर गंजरोधक प्रायमर व रंग द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. नंतर स्पिरिटने पुसून तेलाचा अंश घालवावा. या पूर्वतयारीला अर्धा दिवस लागतो आणि प्रत्यक्ष पट्टी चिकटविण्यास अर्धा तास.

पट्टी स्पंजासारख्या रबराची असेल तर तिची छिद्रे बंद प्रकारची हवीत. उघड्या छिद्रांचा स्पंज पाणी शोषून घेतो. दुकानात दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून विचारून घ्यावे. जाडी मूळ पट्टीइतकीच असावी. झाकण आवळल्यावर स्पंज साधारण चौथा हिस्सा दबला पाहिजे. फार पातळ पट्टी टेकत नाही, आणि फार जाड पट्टीने झाकण एका बाजूला उचललेले राहते. सांधा कोपऱ्यात न ठेवता सरळ बाजूच्या मध्यावर घ्यावा, टोके तिरपी कापून एकमेकांवर बसवावीत आणि निओप्रीनच्या गोंदाने जोडावीत. गोंद पूर्ण वाळल्यावर पुन्हा खडूची परीक्षा घ्यावी. त्यानंतर बोट धक्क्याला पुढून व मागून दोरांनी पक्की बांधून, फळी उघडी ठेवून, इंजिन आधी पुढच्या व मग मागच्या गतीत चालवावे आणि विजेरीच्या प्रकाशात झाकणाची कड पाहावी. या वेळी लहान मुलांनी किनाऱ्यावर थांबावे, आणि पाहणाऱ्याने ओढणी, मफलर व सैल बाह्या इंजिनापासून दूर ठेवाव्यात.

याच भेटीत प्रोपेलरचा दांडा ज्या नळीतून बाहेर जातो, तिथलीही पाहणी करावी. काही बोटींवर तिथे रबरी नळीचा तुकडा क्लिपांनी आवळलेला असतो. हा तुकडा पाण्याच्या पातळीखाली असतो. तो मऊ पडला, फुगला किंवा भेगाळला असेल, तर बोट पाण्याबाहेर काढून कारागिराकडूनच बदलून घ्यावा. पाण्यात असताना त्या क्लिपांना हात लावू नये.

आता खिडक्या

खिडकीखाली सकाळी दिसणारे पाणी दरवेळी पावसाचे नसते. एकेरी काचेवर रात्रीतून श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ साचते व ओघळते. म्हणून काच आणि चौकट कोरडी पुसून, पाऊस नसलेल्या रात्रीनंतर पाहावे. तरीही पाणी आढळले तर दोष रबराचा नाही, हवा खेळती नसण्याचा आहे.

सरकत्या खिडकीच्या खालच्या खोबणीत पाणी बाहेर पडण्यासाठी बारीक भोके असतात. ती मातीने आणि शेवाळाने बुजली की खोबणी भरते व पाणी आत सांडते. बारीक तारेने ती मोकळी केल्यावर तक्रार मिटते, असे अनेकदा घडते. त्यानंतरही पाणी येत असेल तर एकाने आत विजेरी घेऊन बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून नळीने हलकी धार सोडावी. सुरुवात खिडकीच्या खालच्या कडेपासून करावी आणि काही मिनिटांच्या अंतराने वर सरकावे. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून सर्वत्र पसरते आणि मूळ जागा कधीच सापडत नाही.

पाणी काच आणि रबर यांमधून येते की चौकट आणि पोलाद यांमधून, हे ओळखणे महत्त्वाचे आहे. पहिल्या प्रसंगी काचेभोवतीची पट्टी बदलावी लागते. दुसऱ्या प्रसंगी चौकटच काढून तिच्यामागील सीलिंग टेप बदलावी लागते. दोन्ही प्रसंगी बाहेरून सिलिकॉनची रेघ ओढणे हा उपाय काही महिन्यांचाच ठरतो. आतले पाणी त्या रेघेमागे अडकून पोलाद गंजविते, आणि पुढे खरी दुरुस्ती करताना ते सिलिकॉन खरवडण्यातच दिवस जातो.

नवी पट्टी घेताना जुन्या पट्टीचा हाताएवढा तुकडा कापून सोबत न्यावा. रबराच्या आडव्या छेदाचा आकार शब्दांत सांगता येत नाही. बसविताना पट्टी कधीही ताणू नये. ताणलेले रबर काही आठवड्यांत आखडते आणि कोपरे उघडे पडतात. उलट ती किंचित लांब कापून दाबत दाबत बसवावी. भांडी घासण्याच्या साबणाचे पाणी लावले की रबर खोबणीत सहज सरकते. थंडीत रबर ताठर असते. ते आधी कोमट पाण्यात ठेवल्यास काम सोपे होते.

रबराच्या जाती

रबर या एकाच शब्दाखाली निरनिराळे स्वभाव येतात. 'ईपीडीएम' नावाचे रबर ऊन, पाऊस आणि हवेतील ओझोन उत्तम सहन करते, म्हणून खिडक्यांसाठी ते योग्य. पण डिझेल लागले की ते फुगते. 'नायट्राइल' डिझेल व तेल सहन करते, परंतु उन्हात भेगाळते. 'निओप्रीन' या दोहोंच्या मधले आहे. इंजिनखोलीतील झाकणाला निओप्रीन किंवा नायट्राइल घ्यावे, खिडकीला ईपीडीएम. रबर मऊ ठेवण्यासाठी घरातले व्हॅसलिन किंवा खाद्यतेल चोळण्याची सवय सोडावी, कारण खनिज तेलाने ईपीडीएम व नैसर्गिक रबर फुगतात. या तिन्ही प्रकारच्या पट्ट्यांना वर्षातून दोनदा साबणाच्या पाण्याने पुसून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात देणे पुरेसे आहे.

जिथे सील लावू नये

खिडक्या घट्ट झाल्या की माणसाला आणखी घट्ट करावेसे वाटते. दारावरची जाळी, छतावरची छत्रीसारखी टोपी, यांतून वारा येतो म्हणून त्या बुजविल्या जातात. वाचकांना आमची कळकळीची विनंती आहे की, हे कदापि करू नये. बोटीत गॅसची शेगडी असते, बहुधा कोळशाचीही असते. ती हवा ओढतात. हवेच्या वाटा बुजल्या की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. म्हणून सीले बदलल्यावर लगेच सर्व झरोके मोकळे असल्याची खात्री करावी. 'बोट सेफ्टी स्कीम'च्या नियमांनुसार १ एप्रिल २०१९ पासून राहण्याची सोय असलेल्या खासगी बोटींवरही कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आवश्यक आहे. अलार्म खरेदी करताना त्यावर 'बीएस ईएन ५०२९१-२' हे मानक पाहावे, आणि प्रत्येक सहलीच्या पहिल्या संध्याकाळी त्याचे बटण दाबून तपासावे.

कोळशाच्या शेगडीच्या दाराभोवती काचतंतूंची दोरी असते. तीही एक सीलच आहे. दारात कागद धरून दार लावावे. कागद सहज निघाला तर दोरी बदलावी. गॅस सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी निचऱ्याचे भोक असते. हा वायू हवेहून जड असल्याने गळती झालीच तर तो त्या भोकातून बाहेर पडतो. ते भोक पाणी येते म्हणून कधीही बुजवू नये. गॅसच्या नळ्या मात्र आपण स्वतः बदलू नयेत. 'गॅस सेफ'च्या नोंदवहीतील, बोटीवरील गॅसकामाची पात्रता असलेल्या कारागिरालाच बोलवावे.

सामायिक मालकी, सामायिक जबाबदारी

पाच कुटुंबांची बोट असली की झाकण शेवटचे कोणी बंद केले, हे कोणालाच ठाऊक नसते. यावर उपाय एका वहीचा आहे. झाकण उघडले तेव्हाची तारीख, ते आवळून पुन्हा तपासणाऱ्याचे नाव, पट्टी बदलल्याचा महिना, पट्टीची जाडी व जात, एवढे लिहून ती वही सुकाणूजवळ ठेवावी. बोट सेफ्टी स्कीमचे प्रमाणपत्र चार वर्षांसाठी मिळते. पट्टी त्यामधल्या कोणत्याही दिवशी जाऊ शकते. म्हणून प्रमाणपत्र आहे एवढ्यावर विसंबू नये. बारा-चौदा वर्षांच्या मुलामुलींकडे खडूची परीक्षा सोपवावी. ती त्यांना आवडते, आणि मोठ्यांच्या घाईत जे सुटते ते त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

अखेरची सूचना प्रसंग ओढवल्यास करावयाच्या कृतीची. मागचा भाग खाली जात असल्याचे जाणवले तर गिअर ताबडतोब न्यूट्रलमध्ये आणावा. प्रोपेलर थांबला की पाणी वर ढकलले जाणे थांबते. बोट किनाऱ्याला लावून आधी माणसे उतरवावीत, मुले सर्वप्रथम. सामान, फोन, कागदपत्रे यांसाठी कोणीही पुन्हा आत जाऊ नये. सर्वजण किनाऱ्यावर मोजून झाल्यावरच मदतीसाठी फोन करावा.

पुढील लेखांकात आम्ही बोटीच्या बॅटऱ्यांची हिवाळ्यातील निगा हा विषय घेणार आहोत. तोवर ज्यांची बोट पाण्यात आहे त्यांनी येत्या शनिवारी एक खडू सोबत न्यावा, एवढीच विनंती.

जय भीम.